पुन्हा तेच: 'यूरँडम नकली, रँडम खरं'

उद्यमनगरकर
काल इथं एका सदस्यानं लिहिलं की लिनक्सवर एन्क्रिप्शनची किल्ली बनवायची तर यादृच्छिक बाइट देणारी डेव्ह-रँडम ही फाइलच वापरा, तिची जोडीदार यूरँडम 'नकली' आहे, आणि खबरदारी म्हणून वर आपली वेळ नि प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रॅमला मिळणारा नंबर) मिसळा. नवी पोरं हे वाचतात, म्हणून लिहितोय. दोन्हींच्या मागं बाइट बनवणारा जनरेटर एकच, चाचा-20 नावाचा. लिनक्स 5.6 पासून, म्हणजे 2020 पासून, एकदा सीड (जनरेटरला सुरुवातीला लागणारी अनिश्चित माहिती) भरलं की डेव्ह-रँडमसुद्धा अडून बसत नाही. फरक उरतो तो फक्त बूटच्या वेळचा. सीड भरायच्या आधी यूरँडम बाइट देऊन मोकळं होऊ शकतं, गेटरँडम (कर्नलकडं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडं, थेट बाइट मागायचं फंक्शन) थांबतं. मग सरळ गेटरँडम वापरा, फ्लॅग शून्य, म्हणजे जादा पर्याय काही नाही. 2014 पासून, 3.17 मध्ये आलंय. फाइल उघडायची नाही, उघड्या फाइलींचे क्रमांक (डिस्क्रिप्टर) संपायची भीती नाही, 256 बाइटपर्यंतची मागणी सिग्नलनं मध्येच तुटत नाही.
आणि प्रोसेस क्रमांकाचं म्हणाल, तर डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीत 2006 ते 2008 एका चुकीच्या दुरुस्तीनं सीड म्हणून तेवढाच उरला होता. दर प्रकारच्या किल्लीला 32,768 शक्यता!

शिरोली एमआयडीसी
'थांबतं' हे टेबलावर बसून म्हणायला सोपं आहे. आमची पेटी फौंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवते. कीबोर्ड नाही, डिस्क नाही, लाइट गेली-आली की बूट. एसएसएचची (दुरून लॉगिन करायच्या सोयीची) किल्ली बनवताना गेटरँडमवर अडकायची आणि इकडं मालकाचा फोन. 2019 ला एक्स्ट-4 ही लिनक्सची फाइल सिस्टिम सुधारल्यावर इंटरप्ट (हार्डवेअरचे इशारे, ज्यांतून सीड भरतं) कमी झाले, तर धड मशीनंसुद्धा बूटलाच अडकली. शेवटी लिनक्सचे जनक टोरवाल्ड्सना 5.4 मध्ये जिटरची (प्रोसेसरच्या वेळेतल्या बारीक चढउतारांतून सीड भरायची) सोय करावी लागली. उगाच केली का ती?

मंगळवार पेठ
मूळ रोग कॉलेजात आहे. प्रॅक्टिकलच्या वहीत अजून 'एसरँड, टाइम', म्हणजे घड्याळातला सेकंद हेच सीड, असं लिहून घेतात. माझ्या ओळखीच्या एका पतसंस्थेच्या ॲपमध्ये ओटीपी असाच निघायचा. दिवसाचे सेकंद 86,400. ओटीपी कुठल्या सेकंदाला निघाला याचा अंदाज असला की चार-दोन सीड तपासली तरी पुरे. लोकांची आयुष्याची पुंजी असते हो तिथं!

राजारामपुरी
मी शिकवतो. ते प्रॅक्टिकल फासे टाकण्याचं आहे, ओटीपीचं नाही. अभ्यासक्रम आम्ही ठरवत नाही. प्रत्येक धाग्यात मास्तरांवर घसरायचं बंद करा.

मंगळवार पेठ
मग 'हे सुरक्षेसाठी नाही' ही एक ओळ वहीत का नाही? त्याच ॲपमध्ये नंतर यूरँडम आणलं, तर बाइटला दहानं भागून बाकी घेतली. बाइटच्या 256 किमतींमध्ये 0 ते 5 हे अंक 26 वेळा येतात, 6 ते 9 फक्त 25 वेळा. 250 च्या वरचे बाइट टाकून द्यायचे, हे त्या पोराला कुणीच सांगितलं नव्हतं.

राजारामपुरी
250 सुद्धा टाकायचा. 0 ते 249 एवढेच ठेवायचे. दुसऱ्याची वही तपासताना आपलं गणित नीट मांडा. पण ती ओळ वहीत हवी, हे मान्य. या सत्रात घालतो. पतसंस्थेचं खापर मात्र माझ्यावर फोडू नका.

उद्यमनगरकर
शिरोलीवाले, जिटर उगाच केला असं मी म्हटलेलं नाही. पण तुमची पेटी अडली म्हणून सीड भरायच्या आधीचे कच्चे बाइट घ्यायचे? 2012 च्या संशोधनात राउटरसारख्या उपकरणांच्या आरएसए (एन्क्रिप्शनची एक पद्धत) किल्ल्यांत सामाईक अविभाज्य अवयव सापडले, ते बूटच्या घाईमुळंच. तापमान नोंदवायला किल्ली लागत नाही. नोंदणी आधी सुरू करा, एसएसएच वेगळ्या सेवेत गेटरँडमची वाट बघत बसू दे.

शिरोली एमआयडीसी
व्हेंडरचा कर्नल 4.9 वर अडकलाय, तिथं तुमचा जिटर नाही.

उद्यमनगरकर
म्हणून तर सेवा वेगळी करा म्हणतोय. आणि सिस्टिमची एकच तयार प्रत (इमेज) सगळ्या मेमरी कार्डांवर उतरवत असाल तर आतली सीडची फाइल आधी पुसा, नाहीतर सगळ्या पेट्यांत तेच सीड जाईल.

शिरोली एमआयडीसी
सेवा वेगळी करतो. सीडच्या फाइलचं बरोबर आहे, ती आमच्या इमेजमध्ये आहे. पण बूटला काहीही अडू नये, हे माझं म्हणणं कायम. भट्टी थांबत नाही.