डॉक्सी संपली, तरी चिंगीच्या हिरड्या पांढऱ्याच

चिंगीची आई, कोथरूड:
चिंगी आमची सहा वर्षांची गावठी कुत्री. पावसाळ्यात रोज वेताळ टेकडीवर जायची, कानांत गोचिडी सापडल्या होत्या. महिन्यापूर्वी १०४.५ ताप, प्लेटलेट ३८ हजार. डॉक्टरांनी गोचीड ताप म्हणून २८ दिवस डॉक्सीसायक्लिन दिलं. चौथ्या दिवशी भाकरी खाल्ली, प्लेटलेट वाढल्या. गोळ्या मंगळवारी संपल्या. आता पुन्हा दोन पायऱ्या चढली की बसते, हिरड्या पांढऱ्या, आज सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी. हिमोग्लोबिन ११ वरून ६ वर आलंय. रक्ताच्या स्लाइडवर जंतू काही दिसत नाही म्हणाले, परत डॉक्सीच देऊ म्हणतात. रात्रभर तिच्याजवळ बसून आहे. कुणी यातून गेलंय का?

पाषाणकर:
ताई, लघवीचा रंग बदललाय, उद्यावर टाकू नका. आजच न्या, रक्त चढवावं लागेल का तेही विचारा. आमच्या शेरूचं असंच झालं होतं. 'गोचीड ताप' या एका नावाखाली वेगवेगळे आजार येतात. एर्लिकिया हा जिवाणू, तो पांढऱ्या पेशींत राहतो आणि डॉक्सीने आटोक्यात येतो. बबेसिया हा परजीवी, तो तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो, म्हणून लघवी काळपट होते. दोन्ही एकदम असू शकतात. शेरूची स्लाइड दोनदा स्वच्छ आली, पीसीआरला (रक्तातल्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) बबेसिया गिब्सोनी ही लहान जात निघाली. तोवर इमिडोकार्बची दोन इंजेक्शनं देऊन झाली होती. ती बबेसियाच्या मोठ्या जातींवर चालतात, गिब्सोनीवर फारशी नाही. हे आधी कळलं असतं तर त्याचे ते दिवस वाचले असते, अजून चुटपुट लागते. शेवटी अ‍ॅटोव्हाक्वोन दिवसातून तीनदा आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकदा, असे दहा दिवस. डोस वजनावर, डॉक्टरच ठरवतील. पीसीआरचं रक्त मात्र नवीन औषध सुरू करण्याआधी काढून घ्या.

सदाशिव पेठ:
घरही बघा. गोचिडीची मादी रक्त पिऊन गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात हजारो अंडी घालते. आम्ही कुत्रा साफ केला, फटी विसरलो, महिन्यात पुन्हा तेच. मांजर असेल तर परमेथ्रिनची फवारणी नको, तिला विष आहे.

चिंगीची आई, कोथरूड:
काल रात्रीच नेलं. रक्त चढवलं, दुसऱ्या घरच्या लॅब्रेडॉरने दिलं, त्या माणसांचे उपकार आहेत. पीसीआरला बबेसिया गिब्सोनीच. आज पहिला डोस. पाषाणकर दादा, अ‍ॅटोव्हाक्वोन स्निग्ध खाण्यासोबत द्या म्हणालेत, अंड्यातलं ती ओळखते आणि थुंकते. तुम्ही कशातून द्यायचात?

पाषाणकर:
तूप-भातात कालवून. आधी दोन घास नुसत्या भाताचे, मग औषधाचा, लगेच पुन्हा साधा. तिसऱ्या दिवशी हिरड्यांचा रंग कळवा, वाट बघतोय.