बिलाडीनो टोप: कुत्र्याची छत्री की अळंबी?

सोनचाफा
बडोद्यात आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर पावसानंतर छत्र्या उगवल्यात. कमिटीची गुजराती सूचना आहे, ‘बिलाडीना टोप खावा नहीं’. बिलाडी म्हणजे मांजर. मराठीत मी ‘कुत्र्याच्या छत्र्या खाऊ नयेत’ लिहिलं. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "त्या कोण खातं? ही तर अळंबी आहे." आता काय लिहू?

अप्पा दांडेकर
आजींचं बरोबर आहे. खायची ती अळंबी, बाकी कुत्र्याच्या छत्र्या.

वैनगंगाकाठ
अप्पा, धोका तिथंच आहे! ‘अळंबी’ म्हटलं की खायला परवानगीच मिळाली. हिरवळीवर बऱ्याचदा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस उगवतं. पांढरी टोपी, वर तपकिरी खवले, देठाला कडं. टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली की हिरवट भुकटी पडते. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या-जुलाब. आमच्या चंद्रपूरकडच्या सात्या, म्हणजे खायची अळंबी, वारुळावर येतात, देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला आणि भुकटी गुलाबीसर. पण कोवळेपणी टोपीखालच्या पात्या दोन्हींच्या पांढऱ्याच. चांदीचा चमचा काळा पडतो का बघणं, किड्यांनी खाल्लंय म्हणून चालेल म्हणणं, यावर कृपा करून कुणी जाऊ नका.

शब्दनिष्ठ
‘भूछत्र’ लिहा. कुत्रं कशाला हवं? संस्कृतात ‘छत्राक’ आहे, मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ते वर्ज्य सांगितलंय.

मांडवीचा
भूछत्र शाळेच्या पुस्तकात. भाजीवाल्याकडे आपण सगळे मशरूमच मागतो.

शब्दनिष्ठ
मागतो म्हणून तो शब्द मराठी होत नाही.

मांडवीचा
मग ‘टेबल’चं काय करायचं?

अप्पा दांडेकर
हिंदीतल्या कुकुरमुत्त्यातही कुत्रा आहेच. जिथं कुत्रं मुततं तिथं उगवतं, हीच समजूत आपल्याकडे आली असणार.

वैनगंगाकाठ
पटत नाही. बंगालीत ‘बेंगेर छाता’, म्हणजे बेडकाची छत्री. जे माणसाच्या कामाचं नाही ते जनावराच्या नावावर टाकायचं, इतकंच.

सोनचाफा
‘छत्री, अळंबी, मशरूम, काहीही खाऊ नये’ असं लिहून खाली फोटो लावू का? संध्याकाळी छापायला द्यायचंय.

शब्दनिष्ठ
तीन शब्द नकोत. एक ठरवा.

मांडवीचा
तीनही लिहा ताई, आजींचा शब्द आधी.

अप्पा दांडेकर
तो ‘टोप’ मात्र आपल्या स्वयंपाकघरातला नव्हे, जिरेटोपातला. भांड्याचा टोप कुठून आला, कुणाला ठाऊक आहे?