घरच्या सुतारकामात एप्रन हवा की नको?

सागवानी (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीत हौसेने सुतारकाम करणारे तिघेचौघे आहोत. कोणी बाल्कनीत, कोणी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. परवा बोलता बोलता एप्रनवरून चांगलाच वाद झाला. एक मित्र म्हणाला, एप्रन म्हणजे व्हिडिओवाल्यांची फॅशन; आपल्याकडचा मिस्त्री जन्मात एप्रन घालत नाही आणि त्याच्या हातचं काम आपल्यापेक्षा शंभरपट सरस असतं. मला हे अजिबात पटलेलं नाही.

मिस्त्री साइटवर काम करतो, आपण राहत्या घरात. तो संध्याकाळी कपडे झटकतो, हातपाय धुतो आणि मग घरी जातो. आपण कुकरची शिट्टी झाली की तसेच स्वयंपाकघरात, बेल वाजली की तसेच दारात, दमलो की तसेच सोफ्यावर. छातीपासून गुडघ्यापर्यंत बसलेला भुसा आपल्याबरोबर सगळ्या घरात फिरतो. आणि हा भुसा काही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकली, मुख्यतः नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगासाठी. तो पुरावा वर्षानुवर्षं धुळीत राबणाऱ्या कामगारांचा आहे, रविवारी स्टूल बनवणाऱ्याने घाबरून जाऊ नये. पण ज्या घरात मूल रांगतंय त्या घरातल्या लादीवर ही धूळ कशाला न्यायची? शिवाय साग आणि शिसमाच्या भुश्याने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. काम सुरू करताना एप्रन चढवायचा, खोलीबाहेर पाऊल टाकायच्या आधी दारामागच्या खुंटीला लावायचा. कापड जाड सुती कॅनव्हासचं. नायलॉन किंवा रेक्झिन नको, ग्राइंडरची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. पट्टे पाठीवर फुली मारून जाणारे, म्हणजे टेप, गुण्या, पेन्सिल खिशात असली तरी वजन मानेवर येत नाही.

जुना निदेशक

मी आयटीआयमध्ये मुलांना शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत, त्यामुळे स्पष्ट लिहितो. धुळीबद्दल तुमचं बरोबर, पण ज्या यंत्राला काही फिरतं त्याच्याजवळ लोंबती नाडी म्हणजे अपघाताला आमंत्रण.

हिशेब करून बघा. बेंच ड्रिलचा चक, म्हणजे बिट पकडणारा फिरता जबडा, साधारण चार सेंटीमीटर जाड असतो, म्हणजे त्याचा घेर साडेबारा सेंटीमीटर. यंत्र मिनिटाला १००० फेऱ्यांवर चालू असेल तर एका सेकंदात दोन मीटरहून जास्त नाडी त्यावर गुंडाळली जाते. तुमच्या एप्रनची नाडी मीटरभर धरा. ती अडकल्याचं कळून हात स्विचकडे जाईपर्यंत तुमचं पोट चकाला टेकलेलं असतं. आणि हे वेग ड्रिलचे झाले. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११००० च्या आसपास फिरतो.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २२ होतं. चालतं यंत्र तपासायचं किंवा त्याला तेल द्यायचं तर ते प्रशिक्षित माणसानेच, आणि तेही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, असं त्यात लिहिलेलं. ते कपडे मालकाने पुरवायचे, हेसुद्धा. घरी तुम्हीच मालक आणि तुम्हीच कामगार. घट्ट टीशर्ट, खोचलेला. घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी काढलेली. हातमोजे नाहीत. एप्रन नाही.

फणसवाडी

निदेशक सरांना +१, माझं कारण मात्र वेगळं आहे. सागवानी, तुम्ही बहुतेक पुण्याकडचे असाल. कोकणात मे महिन्यात कॅनव्हासचा एप्रन घालून तासभर रंधा मारून दाखवा. फणसाच्या फळीचा पिवळा भुसा घामाने अंगाला असा लिंपला जातो की एप्रनच्या आतल्या बाजूलाही पिवळा थर बसतो. मग तो एप्रन नेमकं अडवतो काय? माझी पद्धत: अर्धी चड्डी, जुना बनियन, काम अंगणात, आणि काम संपलं की विहिरीवर आंघोळ. कपडे तिथेच बादलीत. हे आमचे आजोबा करत होते आणि ते पुरेसं होतं.

सागवानी

@फणसवाडी, अंगण आणि विहीर असेल तर मीही एप्रन घालणार नाही. माझा धागा दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या माणसासाठी आहे, ज्याची बाल्कनी आणि बेडरूम यांच्यात एकच सरकतं दार आहे.

निदेशक सर, नाडीचं पटलं. पण घरातलं बरंचसं काम करवत, रंधा, पटाशी आणि पॉलिश पेपर यांचं असतं. त्या कामात गुंडाळायला काही फिरतच नाही. ड्रिल लावताना एप्रन काढून ठेवायचा, एवढंच.

जुना निदेशक

"काढून ठेवायचा, एवढंच" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. हौशी माणूस अर्ध्या तासात रंध्यावरून ड्रिलवर, ड्रिलवरून सँडरवर, पुन्हा पटाशीवर जातो. एक भोक पाडायला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांसाठी पाठीमागची गाठ कोणी सोडत नाही. मुलांना मी नियम एकच देत असे, कारण दोन दिले की दुसरा विसरला जातो.

चमचेवाली

मी लाकडी चमचे आणि पळ्या कोरते, यंत्र एकही नाही. माझ्या कामात सुरी कधी मांडीकडे, कधी छातीकडे ओढावी लागते. तिथे जाड चामड्याचा एप्रन ही चैन नाही. सुरी निसटते तेव्हा पात्याला आधी चामडं भेटलं पाहिजे. तेव्हा सरसकट "एप्रन नको" मला मान्य नाही, सर.

पण सागवानींच्या धुळीच्या मुद्द्यात एक भोक आहे. खुंटीवर लटकलेला एप्रन कोण झटकणार आणि कुठे? बाल्कनीतून झटकला तर खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. ब्लोअरने उडवला तर बारीक धूळ पुन्हा हवेत, आणि ती तासन्‌तास खाली बसत नाही. आमच्याकडे त्यावरची धूळ व्हॅक्युमने ओढून घेतात आणि एप्रन वेगळा धुतात, घरच्या कपड्यांत कधीच नाही.

आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. पॉलिश करताना हात एप्रनलाच पुसायची सवय सगळ्यांना असते. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेलं सुती कापड बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ती उष्णता आत कोंडते आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. माचिस लागत नाही. तेलाचे हात पुसलेला एप्रन घडी करून ठेवू नका, बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

गराजवाला, न्यू जर्सी

मी लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, वाट्या वळतो. लेथवाल्यांसाठी वेगळा झगा मिळतो: गळ्याशी घट्ट बंद, पुढे चेन, मनगटाला इलास्टिक, खिसे मागे. पुढे खिसा असला की लाकडाचे कुरळे तुकडे त्यात भरतात, म्हणून मागे. नाडी कुठेच नाही. धूळही अडते आणि निदेशक सरांचा आक्षेपही उरत नाही. तेव्हा भांडण एप्रनशी नसून त्याच्या शिलाईशी असावं.

बजेटवाला

मला सगळी चर्चाच उलट्या क्रमाने चाललेली वाटते. चांगल्या कॅनव्हासच्या एप्रनला हजारभर रुपये सहज जातात. तेवढ्यात आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेले एफएफपी२, म्हणजे बारीक धूळ गाळणारे मास्क आणि बरा गॉगल येतो. १९९५ चा दाखला तुम्हीच दिलात. तो नाकाचा आहे, शर्टाचा नाही. जी धूळ एप्रनवर दिसते ती जाड असते. नाकातून आत जाते ती दिसतही नाही, आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू चिकाने दाबून केलेली फळी, कापत असाल तर तिच्याबरोबर फॉर्मल्डिहाइडचा चिकही येतो. ज्याच्याकडे मास्क नाही त्याने एप्रनवर एक रुपया घालवू नये.

सागवानी

@बजेटवाला, क्रम मान्य. मास्क आधी, यात वादच नाही. पण मास्क मला वाचवतो, घरच्यांना नाही. घरातली बाकीची माणसं सोफ्यावर मास्क लावून बसत नाहीत. म्हणून एप्रन सोडायला मी तयार नाही. चमचेवाली ताई, झटकण्याचा आणि तेलाचा मुद्दा उत्तम, आजपासून खुंटीशेजारी व्हॅक्युमचा पाइप ठेवतो.

शिलाईचं म्हणाल तर गल्लीतल्या टेलरकडून करून घेता येईल. गुडघ्याच्या वरच संपणारा, पाठीवर फुलीचे रुंद पट्टे, कमरेला नाडीऐवजी प्रेस बटण, छातीच्या खिशाला झाकण. निदेशक सर, हा चालेल का?

जुना निदेशक

बटण जोरात ओढल्यावर सुटलं पाहिजे, कापडासकट फाटून येणारं नको. शिवून आणलात की आधी एका हाताने हिसका मारून बघा. सुटलं तर हातातल्या ड्रिलपुरता माझा विरोध मागे घेतो. बेंच ड्रिल, टेबल सॉ आणि लेथपाशी माझं उत्तर अजूनही नाहीच आहे.