मदत हवी आहे : स्वानुभवावरून एकांकिका लिहिताना

नमस्कार. कळव्यातील आमच्या समाजमंदिरात दर रविवारी नाट्यलेखनाची कार्यशाळा भरते आणि तेथे प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातील एका प्रसंगावर एकांकिका लिहायची आहे. रत्नाकर मतकरी यांनी ठाण्यातच वस्त्यांमधील मुलांना स्वतःच्या जगण्यावरून नाटके रचायला प्रवृत्त केले होते. आमचा प्रयत्न त्याच वाटेवरचा आहे.

वडील वागळे इस्टेटमधील ज्या कारखान्यात कामाला होते, तो बंद पडल्याची रात्र मी निवडली. घडले ते जसेच्या तसे लिहिले, तरीही वाचनात ते नाटक न वाटता आठवणींचा लेख वाटला. वडील त्या रात्री एक शब्दही बोलले नव्हते आणि मी मात्र त्यांच्या तोंडी पानभर स्वगत घातले. (ते मलाच ऐकवेना.) त्यांचे मौन तसेच ठेवून, आईने सवयीने सकाळच्या डब्यासाठी कणीक मळायला घेणे यांसारख्या कृतींतून संघर्ष कसा उभा करावा? वर्षभर पसरलेल्या घटना एकाच रात्रीत आणल्या, तर तो अनुभवाशी अप्रामाणिकपणा ठरेल का? शिवाय आई प्रयोगाला येणार आहे. तिला संहिता आधी वाचायला द्यावी का, याविषयीही जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.