मोसंबीची वाइन अमेरिका आणि जर्मनीला पाठवायची आहे. एकच लेबल चालेल का?

गोदाकाठ_अंबड

नमस्कार. आमची शेती अंबड तालुक्यात असून घरची मोसंबीची बाग जुनी आहे. दर पडले की फळ जालन्याच्या मंडईत नेण्याचे भाडेही सुटत नाही. या अनुभवाला कंटाळून आम्ही तिघा चुलत भावांनी रीतसर परवाना घेऊन मोसंबीच्या रसाची वाइन करायला सुरुवात केली. अल्कोहोलचे प्रमाण साधारण ११ टक्के असते, बाटली ७५० मिलीची असते आणि टिकाऊपणासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतो. आमच्या भागातील मोसंबीला 'जालना स्वीट ऑरेंज' या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेले असल्यामुळे आम्ही पुढच्या लेबलवर मोठ्या अक्षरांत 'स्वीट ऑरेंज वाइन' असे इंग्रजीत छापले आहे.

आता न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाच्या ओळखीचे एक किराणा दुकानदार म्हणतात की, तुम्ही शंभर पेट्या पाठवा, लेबलचे पुढे बघू. जर्मनीतील एका भारतीय उपाहारगृहाकडूनही विचारणा आली आहे. वाळूजचा छापखाना पाच हजारांखाली लेबले छापत नाही, त्यामुळे दोन्ही देशांना चालेल असे एकच लेबल करावे असा आमचा विचार आहे. हे शक्य आहे का, आणि लेबलची मंजुरी आम्ही काढायची की घेणाऱ्याने? एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: या हंगामात रस फिका वाटला म्हणून आम्ही त्यात थोडा पिवळा खाद्यरंग घातला आहे.

बंदरावरचा_माणूस

गोदाकाठ दादा, मी काही वर्षे एका निर्यात कंपनीत कागदपत्रांचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. सर्वप्रथम ते 'लेबलचे पुढे बघू' विसरून जा. अमेरिकेत बाटलीबंद वाइनचे मंजूर लेबल नसेल, तर ती सीमाशुल्काच्या ताब्यातून विक्रीसाठी बाहेरच पडत नाही. ही मंजुरी 'टीटीबी' नावाचा संघीय विभाग देतो. ती मागण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि किराणा दुकानदारालाही नाही. तो फक्त आयातदाराचा परवाना असलेल्या अमेरिकी व्यवसायाला आहे. १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यानंतर तिकडे आयातदार अथवा उत्पादक, त्याखाली घाऊक वितरक आणि शेवटी किरकोळ विक्रेता अशी उतरंड बसवली गेली आणि ती बहुतेक राज्यांत आजही टिकून आहे. म्हणजे तुमच्या मावसभावाने शोधायचा माणूस दुकानदार नसून परवानाधारक आयातदार आहे. या परवान्याला किंवा लेबल मंजुरीला टीटीबी शुल्क घेत नाही, त्यामुळे कोणी 'लेबल पास करण्याची सरकारी फी' मागितली, तर पावती कोणत्या खात्याची आहे हे अवश्य विचारा.

आता तुमच्या रंगाकडे येतो, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण तिथेच आहे. तिकडे लेबल मंजूर होण्याआधी बाटलीतील पेय कोणत्या वर्गात बसते ते ठरते. लिंबूवर्गीय फळांच्या वाइनचा वर्ग नियमांत स्वतंत्र आहे आणि एकाच फळाची वाइन असेल तर त्या फळाचे नाव 'वाइन' या शब्दाआधी लावता येते, इतके ते सरळ आहे. मात्र बाहेरून रंग किंवा स्वाद घातला की ते पेय या सरळ वर्गातून बाहेर पडण्याची शक्यता निर्माण होते आणि मग लेबलच्या अर्जाआधी घटक व कृती कळवून वेगळी मंजुरी घ्यावी लागते. शिवाय तो पिवळा रंग टार्ट्राझिन असेल, ज्याला तिकडे 'यलो नंबर ५' म्हणतात, तर त्याचा उल्लेख लेबलवर करावाच लागतो. निर्यातीची तुकडी रंगाविना काढा, असे मी स्पष्टपणे सुचवेन.

सल्फाइट १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) किंवा त्याहून अधिक असेल तर 'कंटेन्स सल्फाइट्स' हे शब्द हवेत, आणि मेटाबायसल्फाइट वापरत असाल तर तुमच्या वाइनमध्ये ते प्रमाण असणार हे गृहीत धरा. मूळ देश, आयातदाराचे नाव व पत्ता, निव्वळ मात्रा आणि अल्कोहोलची टक्केवारी हेही लागते. टक्केवारीच्या बाबतीत अमेरिका उदार आहे: ७ ते १४ टक्क्यांच्या वाइनमध्ये छापील आणि प्रत्यक्ष आकड्यांत दीड टक्क्यापर्यंतचा फरक चालतो, फक्त प्रत्यक्ष प्रमाण १४ च्या पलीकडे जाता कामा नये. याखेरीज तुमच्या कारखान्याची तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, नोंदणी हवी, त्यासाठी अमेरिकेत राहणारा प्रतिनिधी नेमावा लागतो आणि माल पोहोचण्याआधी पूर्वसूचना द्यावी लागते.

आपल्या बाजूचे थोडक्यात: आयात-निर्यात कोड, अपेडाची, म्हणजे केंद्राच्या कृषी निर्यात विकास प्राधिकरणाची, नोंदणी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची निर्यात परवानगी. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात द्राक्षाची वाइन २२०४ मध्ये येते, तुमची २२०६ मध्ये. एजंट सवयीने २२०४ लिहितात, त्यावर लक्ष ठेवा.

छपाईवाला_वाळूज

पाच हजारांची अट घालणारा छापखाना आमचा नसावा अशी आशा आहे. एकच लेबल करण्याचा हट्ट सोडा, कारण त्यात बचत होत नाही हे आम्ही स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी आम्ही अमेरिकेच्या मागील लेबलची छपाई केली. त्यात तिथला सरकारी इशारा होता. गरोदरपणी मद्य घेतल्यास बाळात जन्मजात दोष येण्याचा धोका असतो आणि मद्यपानाने वाहन व यंत्रे चालवण्याची क्षमता कमी होते, अशा आशयाचा तो मजकूर १९८९ पासून प्रत्येक बाटलीवर सक्तीचा आहे आणि त्यातला एक शब्दही बदलता येत नाही. आमच्या मुलाने तो इशारा उठून दिसावा म्हणून संपूर्ण परिच्छेद ठळक केला. ग्राहकाने प्रूफवर सही केली, आम्ही छापले, आणि अर्ज परत आला. नियम असा की 'गव्हर्न्मेंट वॉर्निंग' हे पहिले दोन शब्द मोठ्या लिपीत (कॅपिटल) आणि ठळक हवेत, पण त्यापुढचा मजकूर ठळक असताच कामा नये. सगळी रिळे रद्दीत गेली. चूक कोणाची यावर आमचा आणि ग्राहकाचा वाद झाला, तो अर्ध्या-अर्ध्या नुकसानीवर मिटला.

तुमच्या ७५० मिलीच्या बाटलीवर या इशाऱ्याच्या अक्षरांची उंची किमान २ मिमी हवी आणि एका इंचात २५ पेक्षा जास्त अक्षरे बसवता येत नाहीत. ही दुसरी अट कोणी वाचत नाही. उंची राखून अक्षरे आडवी दाबण्याची युक्ती आपल्याकडचे डिझाइनर सर्रास करतात, ती इथे पकडली जाते. इशारा इतर मजकुरापासून वेगळा, सलग परिच्छेदात आणि विरोधी रंगाच्या पार्श्वभूमीवर हवा. सोनेरी फॉइलवर पांढरी अक्षरे हा प्रकार नको. उलट अल्कोहोलच्या टक्केवारीला तिकडे कमाल मर्यादाही आहे: ती १ मिमीहून लहान नको आणि ३ मिमीहून मोठीही नको. आपल्याकडे '११%' हा आकडा मिरवण्याची हौस असते म्हणून सांगितले.

आमचा सल्ला असा की, पुढचे लेबल नक्षी आणि नाव एवढ्यापुरते ठेवून ते सर्वांसाठी एकच, मोठ्या संख्येने छापा. सक्तीचा सारा मजकूर एका वेगळ्या लेबलवर देशागणिक घ्या आणि ती छोटी लेबले डिजिटल यंत्रावर हजार-पाचशेच्या संख्येत काढून घ्या. कायद्याच्या भाषेत हे मजकुराचे लेबलच 'पुढचे' ठरवून अर्ज करण्याची पद्धत अनेक वाइनरी वापरतात. तुमच्या आयातदाराला ती मान्य आहे का, एवढे आधी विचारून घ्या.

परभणीकर_श्टुटगार्ट

मी मूळचा परभणीचा, सध्या जर्मनीत खाद्यपदार्थांच्या आयातीशी संबंधित नोकरी करतो. युरोपीय संघात लेबलची पूर्वमंजुरी देणारे कार्यालय नाही, हे ऐकून अनेकांना हायसे वाटते. पण त्याचाच अर्थ असा की चूक आधी कोणी सांगत नाही, ती माल दुकानात लागल्यावर तपासणीत सापडते आणि जबाबदारी लेबलवर ज्याचे नाव आहे त्या आयातदाराची असते. म्हणून उपाहारगृहाच्या मालकाला आधी विचारा की, आयातदार म्हणून स्वतःचे नाव छापायला तो तयार आहे का.

युरोपीय कायद्यात 'वाइन' म्हणजे फक्त ताज्या द्राक्षांपासून केलेली. इतर फळांसाठी सदस्य देश फळाचे नाव जोडून तो शब्द वापरू देऊ शकतात आणि जर्मनीत फळांच्या वाइनची परंपरा जुनी असल्यामुळे तशी जोडनावे रुळलेली आहेत. 'वाइन' हा शब्द एकटा, मोठा आणि फळाचे नाव खाली बारीक, असे मात्र करू नका. द्राक्षाच्या वाइनला ८ डिसेंबर २०२३ पासून घटकांची यादी आणि पोषणमूल्ये देणे सक्तीचे झाले आहे, त्यासाठी बाटल्यांवर क्यूआर कोड दिसतात. तो नियम तुमच्या पेयाला लागू नाही, तसेच द्राक्ष-वाइनच्या मालासोबत लागणारे 'व्हीआय-१' प्रमाणपत्रही लागत नाही. कडवंची परिसरातील द्राक्षबागायतदारांपैकी कोणी हा धागा वाचत असेल तर त्यांनी मात्र या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

तुम्हाला लागेल ते असे: पेयाचे नाव, निव्वळ मात्रा आणि अल्कोहोलचे प्रमाण हे तिन्ही बाटली न फिरवता एका नजरेत दिसले पाहिजेत. मात्रेचा आकडा ७५० मिलीच्या बाटलीवर किमान ४ मिमी उंच हवा. प्रमाण '११% व्हॉल' याच पद्धतीने लिहावे. इतर सक्तीच्या मजकुरात लहान अक्षराची उंची १.२ मिमीपेक्षा कमी नको. सल्फाइटचा उल्लेख जर्मन भाषेत, 'एन्थेल्ट झुल्फिटे' असा, हवा. नुसत्या इंग्रजीवर भागवू नका. तुकडीचा क्रमांक हवा. टक्केवारीत फळांच्या वाइनला फक्त १ टक्क्याची सूट आहे, त्यामुळे अमेरिकेच्या दीड टक्क्याच्या भरवशावर राहू नका.

आता नावाबद्दल थोडे खोडसाळ, पण महत्त्वाचे. 'ऑरेंज वाइन' म्हटले की इथल्या ग्राहकाला संत्रे आठवतच नाही. पांढरी द्राक्षे सालीसकट आंबवून केलेल्या तांबूस वाइनला युरोप-अमेरिकेत हेच नाव पडले आहे. त्यात तुम्ही आधी 'स्वीट' लावल्यावर वाचणारा समजेल की ही त्या प्रकारची गोड वाइन आहे. तुमची वाइन कोरडी असेल तर ते नाव दिशाभूल करणारे ठरेल.

बंदरावरचा_माणूस

परभणीकरांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पण मग काही जण 'स्वीट लाइम' सुचवतील, तेही करू नका. इंग्रजी बोलताना आपण मोसंबीला सर्रास 'स्वीट लाइम' म्हणतो; वनस्पतिशास्त्रात मात्र आपल्याकडची मोसंबी सायट्रस सायनेन्सिस, म्हणजे गोड संत्र्याच्याच जातीत मोडते, आणि 'स्वीट लाइम' हे नाव खरे तर साखरलिंबासारख्या वेगळ्या फळाचे आहे. मानांकनात 'स्वीट ऑरेंज' आले आहे ते त्यामुळेच. म्हणजे वर्गाचे नाव म्हणून शास्त्राला धरून असलेला शब्द ग्राहकाची फसगत करतो, आणि ग्राहकाला कळणारा शब्द चुकीच्या फळाचा आहे. माझ्या मते 'मोसंबी' हाच शब्द मोठ्या अक्षरांत विक्रीचे नाव म्हणून घ्यावा आणि वर्गाचे नाव कसे लिहायचे ते आयातदाराने टीटीबीला लेखी विचारून ठरवावे. मंजूर झालेली लेबले त्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही पाहता येतात. लिंबूवर्गीय वाइनची चार-दोन लेबले तिथे शोधली की बऱ्याच शंका आपोआप फिटतील.

उसाचा_फड

विषयाला थोडा फाटा फुटतो आहे, पण आम्ही लातूरकडे उसाच्या रसाची रम करण्याचा विचार करत आहोत. ७५० मिलीची हीच बाटली युरोपला चालेल का?

परभणीकर_श्टुटगार्ट

वाइनला चालते, रमला नाही. युरोपीय संघात स्पिरिट्सचे बाटलीमाप ठरलेले असून त्यात ७०० मिली आहे, ७५० नाही. अमेरिकेने डिसेंबर २०२० पासून ७०० लाही मुभा दिली आहे, त्यामुळे दोन्हीकडे पाठवायचे तर ७०० ची बाटली घ्या. युरोपात रममध्ये अल्कोहोल किमान ३७.५ टक्के हवे. रमला उसाचा रस किंवा मळी दोन्ही चालतात, पण मळीच्या स्पिरिटला इथे 'व्हिस्की' म्हणता येत नाही. ती धान्याचीच आणि किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरलेली लागते.

गोदाकाठ_अंबड

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भावांसोबत बसून ठरवले की, रंग घातलेली तुकडी इथेच विकायची आणि निर्यातीसाठी पुढच्या आंबिया बहाराच्या फळाची, रंगाविना, वेगळी टाकी राखायची. पाच हजारांपैकी शिल्लक असलेली 'स्वीट ऑरेंज'ची लेबलेही त्या देशी मालावर संपतील. मावसभावाला आयातदार शोधायला सांगितले आहे. त्याचा प्रश्न आहे की, तोपर्यंत दाखवण्यासाठी सहा बाटल्या टपालाने पाठवता येतील का?

बंदरावरचा_माणूस

टपालाने नाही, अमेरिकी टपाल खाते मद्य स्वीकारत नाही. नमुन्यासाठी लेबल मंजुरीतून सूट मिळते, परंतु तीही परवानाधारक आयातदारानेच मागायची असते. आधी आयातदार मिळू द्या, मग त्याच्या नावाने सहा बाटल्या पाठवा.