मदत हवी आहे : स्पायसर कॉलेजच्या जुन्या आठवणी जपायच्या आहेत

नमस्कार मंडळी. औंध रोडवरच्या स्पायसर कॉलेजमध्ये शिकलेलं, शिकवलेलं किंवा नुसतं तिथला ब्रेड आणायला जाणारं इथे कुणी आहे का?

१९१५ साली कोइम्बतूरला सुरू झालेली ही संस्था पुढे बंगळुरूला आणि १९४२ मध्ये पुण्यात आली. २०१४ मध्ये विद्यापीठ झालं. हे सगळं कागदोपत्री सापडतं. पण बेकरीत काम करून फी भागवणारी मुलं, शनिवारी शब्बाथ (अ‍ॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती पंथाचा विश्रांतीचा पवित्र दिवस) म्हणून शांत झालेलं आवार, शाकाहारी मेसमधल्या पंचवीस भाषांतल्या गप्पा, हे माणसांबरोबरच जाईल, आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

मावशीच्या अल्बममधले फोटो जाड काळ्या कागदाला खळीने घट्ट चिकटलेत. एकाचा कोपरा सुटलाय, तिथे मागे पेनने लिहिलेली नावं दिसतात. ओढले तर नावं जातील. ते अलगद सोडवून ६०० डीपीआयला स्कॅन करून देणारं पुण्यात खात्रीचं कोण आहे? क्वायरच्या कॅसेटलाही बुरशी आलीये. ती मी अजून वाजवलेली नाही.

ओळखीत त्या काळातली ज्येष्ठ मंडळी असतील तर प्लीज कळवा. त्यांच्या सोयीने घरी येऊन बोलणं रेकॉर्ड करीन.