दख्खनचा अकीक बाणाग्रासाठी भाजावा की कच्चाच फोडावा?

गोदाकाठ

वाद व्हावा म्हणूनच धागा काढतोय, तेव्हा भूमिका आधी सांगतो. गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड यांच्या पात्रात मिळणाऱ्या कॅल्सेडनीपासून (अकीक हा तिचाच पट्टेदार प्रकार) दाबकामाने, म्हणजे ठोकण्याऐवजी टोकाने कड दाबून छिलके काढत, बाणाग्र (बाणाचं टोक) करायचं असेल, तर दगड भाजूनच घ्यावा. कच्च्या दगडावर मनगट झिजवण्यात काही पुरुषार्थ नाही.

आपली कॅल्सेडनी बारीक पोताची आहे, पण चिवट. हातोडा-दगडाने ती नीट फुटते. अडतं ते दाबकामात. तांब्याच्या टोकाने कड दाबली की छिलका चार-पाच मिलिमीटर धावतो आणि पायरी सोडून तुटतो. अशा दोन-तीन पायऱ्या एकाच जागी साचल्या की मधे उंचवटा उरतो, आणि तो काढायच्या नादात पातंच मोडतं. नीट भाजलेल्या दगडात तेवढ्याच दाबाने छिलका मधल्या कण्यापर्यंत जातो.

अख्खा गोटा भट्टीत टाकायचा नाही. आधी फोडून १ ते १.५ सेंटिमीटर जाडीचे छिलके किंवा ओबडधोबड आकार काढायचे. बेसाल्टची साल, तिच्या आतला हिरवट थर, पांढऱ्या झिओलाइट खनिजाचे पापुद्रे आणि गोट्याच्या पोटातले स्फटिक हे सगळं उडवून टाकायचं. झिओलाइटमध्ये पाणी असतं आणि तापल्यावर त्याचं प्रसरण कॅल्सेडनीशी जुळत नाही, त्यामुळे तडा तिथूनच सुरू होतो. मग लोखंडी डब्यात कोरडी बारीक वाळू घेऊन तुकडे एकमेकांना टेकणार नाहीत असे रचायचे. खाली-वर तीन-चार सेंटिमीटर वाळू हवी. १०० ते ११० अंश सेल्सिअसवर २४ तास नुसतं वाळवण. नंतर ताशी २५ ते ३० अंशांनी २५० पर्यंत चढायचं, तिथे ४ तास थांबायचं आणि भट्टी बंद करून विसरून जायचं. आतलं तापमान ५० च्या खाली येईपर्यंत दार उघडायचं नाही.

पहिल्या खेपेला एकाच गोट्याचे तुकडे २२५ वर काढून फोडून बघा. पोत तसाच वाटला तर २५०, मग २७५. एकदम ३५० वर उडी मारू नका.

पाथरवट

सपशेल अमान्य. मुळात कुठलं बाणाग्र म्हणताय?

महाराष्ट्रातल्या मध्याश्मयुगीन आणि ताम्रपाषाणयुगीन थरांत मिळतात त्या चंद्रकोरी, त्रिकोण, समलंब चौकोन. सगळी सूक्ष्मास्त्रं, म्हणजे काडीला बसवायची इवलीशी दगडी हत्यारं. इनामगाव, नेवासे, दायमाबाद इथल्या पात्यांची रीत ठरलेली: गाभ्यावर (ज्या दगडातून पाती काढायची त्या गोट्यावर) आडवे छिलके काढून उभा कणा तयार करायचा, त्या कण्यावर पहिलं पातं सोडवायचं, आणि त्याच्या मागे उरलेल्या धारांच्या आधाराने पुढची पाती. पातं मिळालं की त्याचे तुकडे पाडायचे, एक कड उभ्या दाबाने बोथट करायची आणि तुकडा राळेने काडीच्या टोकाला बसवायचा. धार लागते ती पात्याची मूळची कोरी धार. ती बोथट कड करताना छिलका लांब धावावा अशी गरजच नसते, उलट तो आखूड तुटलेलाच बरा. उत्तर प्रदेशात सराय नहर राय इथे माणसाच्या हाडात रुतलेलं सूक्ष्मास्त्र सापडलंय, यावरून या साध्या चीजांचा भेदकपणा कळावा.

तुम्ही सांगताय ते दोन्ही अंगांनी छिललेलं, बुडाशी खाचा पाडलेलं, उत्तर अमेरिकी धाटणीचं बाणाग्र. ते करायला माझी हरकत नाही, पण त्याची पद्धत दख्खनच्या दगडाचा नियम म्हणून सांगू नका.

दुसरं, भाजल्याने दगड सहज चिरतो म्हणजेच तो कमी चिवट होतो. हा फायदा कारागिराचा, बाणाचा नव्हे. टोक नेम चुकून मातीत किंवा हाडावर आपटलं की भाजलेलं आधी तुटणार. आणि तिसरं, प्रत्येक खेपेत काही माल वाया जातो तो कोण मोजतं? चांगला, भेगा नसलेला, मुठीएवढा गोटा सहजी मिळत नाही.

भट्टीवाला

वाद चालू द्या. माल वाया का जातो एवढंच लिहितो, कारण "तडकला" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या चुका लपतात. तुकडा हातात घेऊन पाहिलं की चूक कळते.

पृष्ठावर गोल, उथळ खळगे असतील आणि वाळूत बशीसारख्या टिकल्या सापडल्या, तर चढताना घाई झाली किंवा वाळवण अपुरं राहिलं. आतल्या पाण्याची वाफ झाली, बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तिने टिकली उडवली. या टिकलीवर माराचा बिंदू नसतो, फुगवटाही नसतो, त्यामुळे ती हाताने काढलेल्या छिलक्यापासून लगेच ओळखू येते.

पृष्ठावर केसासारख्या रेघांचं जाळं पडलं असेल तर तापमान जास्त झालं. असा तुकडा टेकू लावून दाबला की धारेचा भुगा होतो. तो टाकून द्या, त्यातून काही निघणार नाही.

तुकडा आरपार, स्वच्छ, थोड्या वळणदार भेगेने दोन झाला असेल तर तो उतरताना गेला. दार लवकर उघडलं. जाड तुकड्यांत हे हमखास होतं, कारण साल गार होऊन आकसते आणि गाभा गरमच असतो.

फोडण्याआधी ठोकून बघा. दोन बोटांत टोकाला धरून दुसऱ्या छिलक्याने हलकं वाजवायचं. निकोप तुकडा खणखणतो, आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. ही चाचणी भाजण्याआधीही करा. नदीतल्या गोट्यांनी आधीच भरपूर मार खाल्लेला असतो, आणि मग उगाच भट्टीच्या नावाने बोटं मोडली जातात.

दुधी रंगाचा, मेणचट, वजनाला हलका थर दिसला तर तो ओपल असू शकतो. दख्खनच्या पोकळ्यांमध्ये तो कॅल्सेडनीच्या सोबतीने मिळतो. त्यात पाणी खूप असतं. भट्टीत नको.

खंबायत

गोदाकाठ यांच्याशी सहमत, पण हे विजेच्या भट्टीचं आणि ताशी २५ अंशांचं सोवळं मला पटत नाही.

गुजरातेतल्या खंबातचा अकीक घ्या. कच्चा माल राजपीपळ्याजवळच्या रतनपूर भागातला, म्हणजे भूगर्भाच्या नात्याने आपल्या दख्खनी बेसाल्टचाच सोयरा. तिथे गोटे आधी उन्हात पसरून महिनोन्‌महिने वाळवतात, मग मातीच्या भांड्यांत ठेवून शेण्या किंवा भुशाच्या संथ आचेवर रात्रभर भाजतात आणि राखेतच निवू देतात. गरज पडली तर पुन्हा. मग घडाई: जमिनीत तिरपी रोवलेली लोखंडी पहार, तिच्या टोकावर मणी टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या डोक्याची हलकी हातोडी मारायची. टोला वरून, छिलका मात्र पहारीच्या बाजूने सुटतो. ना तापमापक, ना नियंत्रक. हडप्पाकालीन चन्हूदडो आणि लोथलच्या मणिकारांनीही कार्नेलियन (लाल अकीक) भाजूनच लाल केला.

दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंट या पुरास्थळावरचा सिलक्रीट नावाचा दगड सुमारे ७२,००० वर्षांपूर्वी नेमाने भाजला जात होता, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा संशोधक म्हणाले की आगीखाली वाळूत पुरून, हळूहळू. नंतर दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की सिलक्रीट थेट निखाऱ्यांत, झटपट तापवला तरी चालतो आणि काही जुन्या तुकड्यांवर तशा खुणाही आहेत. मग आपण दोन दिवस भट्टीपाशी का बसायचं?

गोदाकाठ

@खंबायत, सिलक्रीटचा दाखला इथे लागू होत नाही. सिलक्रीट म्हणजे सिलिकाने जखडलेली वाळू. त्यात क्वार्ट्झचे सुटे कण आहेत आणि वाफेला निघायला वाटा आहेत. कॅल्सेडनी म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंचा घट्ट विणलेला दगड. तिच्यात नुसतं ओलाव्याचं पाणी नसतं, सिलिकाला रासायनिक रीतीने चिकटलेले हायड्रॉक्सिल गटही असतात. साधारण २००-३०० अंशांच्या टप्प्यात ते सुटतात, पाणी बनून बाहेर पडतात आणि मोकळ्या झालेल्या जागी सिलिकॉन-ऑक्सिजनचे नवे दुवे जुळतात. त्यामुळे सूक्ष्म रंध्रं बुजतात आणि चीर सरळ धावते. पण रंध्रं बुजली की मागे राहिलेल्या पाण्याचा रस्ताही बंद होतो. घाई नडते ती इथे. जुनी पुस्तकं "दगडाचे कण वितळून जुळतात" असं सांगतात. २५० अंशांवर सिलिका वितळत नाही, ते सोडून द्या.

आणि खंबातची आच संथच आहे की. महिनोन्‌महिन्यांचं ऊन म्हणजे माझे २४ तास, आणि राखेत निवणं म्हणजे माझं बंद दार. तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष दिलीत.

@पाथरवट, सूक्ष्मास्त्रांच्या बोथट कडेपुरतं मान्य. पण पातं गाभ्यावरून सोडवताना? एक सेंटिमीटर रुंदीचं, चार-पाच सेंटिमीटर लांबीचं, सरळ पातं चिवट गाभ्यातून काढायला जो जोर लागतो तो भाजलेल्या गाभ्यात बराच उतरतो.

पाथरवट

उतरतो, पण गाभा दीड सेंटिमीटर जाड नसतो ना! चार-पाच सेंटिमीटर जाडीचा गाभा भाजायचा तर तुमचंच वेळापत्रक दुप्पट-तिप्पट ताणावं लागेल, आणि उतरताना फुटण्याचा धोका भट्टीवाल्यांनी वर सांगितलाच आहे. पट्टेदार अकीक असेल तर आणखी बिकट. प्रत्येक पट्ट्याची रंध्रं आणि पाणी वेगळं, त्यामुळे पट्ट्यांच्या सांध्यावरच तो उकलतो. असल्या गाभ्याला अणकुचीदार शिंगाची छिन्नी आणि लाकडी मोगरी पुरे.

दुसऱ्या बाजूने बोलायचं तर फ्रान्समधल्या लोजेरी-ओतच्या सोल्युत्रियन (अश्मयुगीन) लोकांनी चकमक भाजली ती मुख्यतः शेवटच्या दाबकामासाठी, आकार ठोकून झाल्यावर. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बॉस गुहेतल्या सिलक्रीटच्या टोकांचंही तसंच: आधी ठोककाम, मग भाजणं, मग दाबकाम. म्हणजे ज्यांनी भाजलं त्यांनीही सरसकट भाजलं नाही.

उत्खननातला माणूस

दोघांचंही चाललंय ते ठीक, पण "लाल म्हणजे भाजलेला" असं धरून जुन्या मालावर निष्कर्ष काढू नका. पिवळा-तपकिरी रंग गोएथाइट या लोहखनिजाचा असतो. तापल्यावर त्याचं हेमॅटाइट हे लाल लोहखनिज होऊन तो लाल होतो, हे खरं. पण वणव्याने, चुलीखाली पडल्याने किंवा मुळातच लोह त्या रूपात असल्यानेही दगड लाल असू शकतो. उलट ज्या राखाडी कॅल्सेडनीत लोहच नाही ती नीट भाजूनही राखाडीच राहते. म्हणून भट्टीतून काढताना रंगावरून "झालं-नाही" ठरवणाऱ्यांचीही फसगत होते.

पाहायची ती चमक, आणि तीही फरकाने. भाजण्याआधीचं पृष्ठ भाजूनही मंदच राहतं. भाजल्यानंतर सुटलेल्या छिलक्याची जागा तेलकट चमकते. एकाच तुकड्यावर मंद जुनी आणि चमकती नवी अशी दोन्ही पृष्ठं शेजारी दिसली, तर भाजल्याचं म्हणता येतं. तिरप्या उजेडात, दहापट भिंगाखाली.

आणि कृपा करून कच्चा माल पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडांवरून उचलू नका. नदीच्या गोट्यांत भरपूर आहे. तुमचा कचराही नदीकाठी किंवा शेतात टाकू नका. पन्नास वर्षांनी कोणी तो प्राचीन समजून सर्वेक्षणात नोंदवेल. गोणीत भरा, आत आधुनिक काचेचा तुकडा आणि तारखेची चिठ्ठी टाका, मग कुठे पुरायचं ते पुरा.

खंबायत

गोदाकाठ, संथ आचेचा मुद्दा घेतला. तरी विजेची भट्टीच हवी असं नाही. घमेल्यात वाळू, वाळूत माल, वर पातळ पत्रा आणि त्यावर शेण्यांची रास. पाच सेंटिमीटर वाळूखाली आच आपोआप सावकाश चढते. अडचण एकच, वारा. एका बाजूने आग भडकली की डब्याच्या दोन टोकांत मोठा फरक पडतो. आडोसा करा आणि माल मध्यावर ठेवा.

पाथरवट

निकाल तोंडी लागणार नाही. एक गोटा घ्या, त्याचे जोडीचे छिलके काढा, अर्धे भाजा, अर्धे तसेच ठेवा. हत्यार एकच: ८ गेजची, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटरची तांब्याची अर्थिंगची तार लाकडी मुठीत बसवून. सांबर-चितळाचं शिंग नको, गळलेलं असलं तरी वन्यजीव कायद्यात अडकाल, म्हशीचं चालेल. मग छिलक्यांची लांबी मोजा, आणि तयार टोकं सारख्याच काड्यांना लावून सारख्याच लाकडावर मारा. माझा अंदाज, छिलक्यांत तुम्ही जिंकाल आणि लाकडावर मी.

भाजलेल्या मालात एक काळजी घ्या. कड जास्त घासावी लागते, नाहीतर टोक टेकवताच ती चुरते. सहाणेच्या तुकड्याने चांगली बोथट करून मग दाबा. आणि जोर आवरा, कच्च्या दगडाच्या सवयीने दाबलंत तर छिलका पलीकडची धार घेऊनच बाहेर पडेल.

नवशिक्या_०७

घरच्या ओटीजीमध्ये जमेल का? त्यावर २५० लिहिलंय.

भट्टीवाला

जमेल, पण काट्यावर विश्वास नको. ओटीजी चालू-बंद होत राहतो, आतली हवा वीस-तीस अंशांनी सहज वरखाली होते. के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घ्या आणि त्याचं टोक हवेत न ठेवता वाळूत, तुकड्यांच्या शेजारी खुपसा. वाळू असल्याने ही वरखाली मालापर्यंत पोचत नाही. काटा दर तासाला हाताने वाढवावा लागेल, म्हणून सुरुवात सकाळी करा. तुकडे १ सेंटिमीटरच्या आतलेच घ्या. त्या ओटीजीत मग स्वयंपाक नको, आणि काही झालं तरी दगड गॅसच्या बर्नरवर धरू नका.

घरात बसून फोडू नका हेही आत्ताच सांगतो. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, चष्मा, एन-९५ मास्क आणि मांडीवर जाड चामडं. कड घासताना दगड ओला ठेवा, कारण सगळ्यात बारीक धूळ तिथेच उडते. खंबातच्या अकीक घासणाऱ्यांना सिलिकोसिस होतो तो याच धुळीने.